शत्रू कोण, हे कोणी ठरवायचे?

वसईच्या तहात एक कलम आहे, त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तह ३१ डिसेंबर १८०२ चा, दुसरा बाजीराव आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातला. शाळेत पाठ केलेली कलमे बहुतेकांना आठवतात: कंपनीची सहा हजारांहून कमी नाही एवढी पायदळ फौज पेशव्यांनी कायमची ठेवून घ्यायची, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, सुरतेवरचा हक्क सोडायचा, निजाम आणि गायकवाड यांच्याकडच्या येण्याचा निवाडा कंपनीवर सोपवायचा. या सगळ्यात जमीन आहे, पैसा आहे, मानहानी आहे, म्हणून ती लक्षात राहतात. मला ज्या कलमाविषयी लिहायचे आहे त्यात यातले काहीच नाही. इंग्रजांचे एखाद्या युरोपीय राष्ट्राशी युद्ध सुरू झाले आणि त्या राष्ट्राचा कोणी माणूस पेशव्यांच्या चाकरीत राहून इंग्रजांविरुद्ध मसलत करतो असे उघडकीस आले, तर पेशव्यांनी त्याला चाकरीतून काढायचे आणि आपल्या राज्यात राहू द्यायचे नाही, एवढेच ते कलम सांगते. राष्ट्राचे नाव त्यात लिहिलेले नाही. लिहिण्याची गरजही नव्हती. गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या डोक्यात त्या वर्षांत एकच नाव होते: फ्रान्स. गंमत म्हणून नव्हे, नीट विचार करण्यासाठी एक तारीख शेजारी ठेवून पाहावी. मार्च १८०२ मध्ये आमियँ इथे इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात तह झाला होता आणि त्यांचे युद्ध पुन्हा पेटले ते मे १८०३ मध्ये. म्हणजे वसईला सही झाली त्या दिवशी खुद्द इंग्लंडचे फ्रान्सशी वैर नव्हते. पुण्याच्या पेशव्याला मात्र त्या वैराची तयारी आधीच कागदावर करून द्यावी लागली.

आज वसई पालघर जिल्ह्यात येते. ठाण्यापासून हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, आणि त्याच्या या चिंचोळ्या किनाऱ्यावर वसई, केळवे-माहीम, तारापूर, डहाणू अशी किल्ल्यांची रांग आहे. या किनाऱ्याचा इतिहास बहुधा कोणी कोणाकडून काय जिंकले या अंगाने सांगितला जातो. मला तो दुसऱ्या अंगाने पाहायचा आहे, आणि तो प्रश्न इतिहासापेक्षा धर्मविचाराच्या जवळचा आहे. दुबळ्याने बलवंताचा आसरा घेतला तर तो नेमके काय देऊन बसतो? आपल्याकडे या प्रश्नाचा विचार जुना आहे. कौटिल्याने राजाच्या सहा धोरणांत संश्रय, म्हणजे बलवंताच्या आश्रयाला जाणे, हे एक धोरण मानले आहे. त्यात त्याला लाज वाटत नाही. रामायणात बिभीषण रामाकडे येतो तेव्हा सुग्रीव आणि इतर वानर संशय घेतात, आणि राम त्याला अभय देतो. शरण आलेल्याला अभय देणे हा तिथे धर्म आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी सुरू होते तीच अभयापासून. या सगळ्या परंपरेत आश्रयाचा अर्थ एकच आहे: आश्रय देणारा तुमचे भय काढून घेतो. वसईच्या तहाने बाजीरावाला होळकरांच्या भयातून सोडवले हे खरे. पण त्याच कागदाने त्याच्या अंगावर दुसरे भय घातले, आणि ते त्याचे नव्हते. माझे म्हणणे असे की वसईला जे गेले त्यातली सर्वांत मोठी वस्तू मुलूख नव्हता. आपला शत्रू कोण हे स्वतः ठरवण्याचा हक्क तिथे गेला. त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट आपोआप गेली, वैर संपवण्याचा हक्क.

हे नीट कळायला त्याच किनाऱ्यावर त्रेसष्ट वर्षे मागे जावे लागते. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने तारापूरचा किल्ला घेतला. तिथली लढाई हातघाईची होती. तटाला सुरुंग लावले, त्यांनी भगदाड पडले, आणि त्या भगदाडातून माणसे आत शिरली. बाजी भिवराव रेठरेकर हा नावाजलेला सरदार तिथेच पडला. पोर्तुगीजांशी हे वैर कोणी नेमून दिले होते? ते वरून आलेले नव्हते. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ, मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे ही या भागातली माणसे वर्षानुवर्षे पेशव्यांकडे खेटे घालत होती. देवळे, लग्न-मुंजी, सण-वार यांवर पोर्तुगीज अमलात जी बंधने येत होती त्यांचे गाऱ्हाणे घेऊन ती जात होती. शत्रू कोण हे गावातून वर गेले, मग पुण्यात ठरले, मग फौज निघाली. आणि म्हणूनच मे १७३९ मध्ये वसई शरण आली तेव्हा जे घडले ते शक्य झाले. जाणाऱ्या पोर्तुगीजांना हत्यारांसह मानाने जाऊ दिले. राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक तहात लिहून दिली. आज वसईच्या गावोगावी ख्रिस्ती वस्ती आहे, चर्चच्या घंटा वाजतात, वाडवळी आणि सामवेदी बोली बोलणारे लोक रविवारी प्रार्थनेला जातात, त्यामागे त्या कागदाचाही हात आहे. ज्याने वैर आपल्या कारणासाठी धरले त्याला ते कुठवर न्यायचे आणि कुठे थांबवायचे हे कळते, कारण कारण त्याच्या हातात असते. सत्ता शत्रू होती, प्रार्थना करणारा माणूस नव्हता, हा फरक चिमाजी आप्पांना करता आला. वसईचा वेढा अतिशय रक्ताळलेला होता आणि त्या मोहिमेत सगळे न्यायानेच झाले असा माझा दावा नाही. माझा मुद्दा एवढाच की तिथे शेवट करण्याचा हक्क आपल्याकडे होता.

टोपीकरांचा धोका मराठ्यांना ठाऊक नव्हता असे म्हणणे चूक ठरेल. रामचंद्रपंत अमात्यांनी सुमारे १७१५ मध्ये आज्ञापत्रात हे सावकार इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या प्रत्येकाच्या पाठीशी त्यांचा राजा उभा असतो, त्यांना किनाऱ्यावर पक्की जागा देऊ नये, असे बजावून ठेवले होते. अमात्यांनी पाहिलेला धोका जागेचा आणि बळाचा होता. भयाचीही वखार घालता येते, हे त्यांच्या काळात अजून दिसायचे होते. ते पुढच्या पन्नास वर्षांत दिसले. १७५५ मध्ये क्लाइव्ह मुंबईला आला तो दख्खनमधल्या फ्रेंचांवर, बुसीवर, मराठ्यांच्या मदतीने चढाई करण्याच्या बेताने. तोवर मद्रास आणि पाँडिचेरी यांच्यात तात्पुरता समेट झाला होता आणि बेत रहित झाला. फौज आणि आरमार मात्र तयार होते. तेच फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर गेले, तुळाजी आंग्ऱ्यांचे आरमार जळाले, आणि पुढच्याच वर्षी तोच क्लाइव्ह बंगालमध्ये आधी फ्रेंचांच्या चंद्रनगरवर आणि मग प्लासीच्या मैदानावर दिसतो. तुळाजीला शत्रू नानासाहेब पेशव्यांनी स्वतःच ठरवले होते, हे इथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ज्या हत्याराने त्याला संपवले ते हत्यार दुसऱ्याच्या भयातून घडलेले होते, आणि ते काम झाल्यावर परत म्यान झाले नाही. आणखी एक योगायोग मनातून जात नाही. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला मराठे पडले, आणि त्यानंतर दोनच दिवसांच्या आत दक्षिणेत पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती गेली. पहिल्या घटनेने आपल्या भाषेला म्हणी दिल्या. दुसरी आपल्या घरात कोणाला आठवतही नाही, आणि तरी इंग्रजांना हिंदुस्थानात मोकळे रान मिळण्यात या दोन्हींचा वाटा होता.

नाना फडणिसांना या खेळातली मेख कळली होती. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील चौलच्या किनाऱ्यावर उतरून पुण्याला आला, नानांनी त्याचे आदरातिथ्य केले, आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. लुबिनच्या शब्दाला फ्रान्सच्या दरबारात किती वजन होते याची शंका तेव्हाही घेतली जात होती. नानांनी त्याला दरबारात मान दिला तो त्याच्या भरवशावर राज्य टाकण्यासाठी नव्हे. इंग्रजांचे भय इंग्रजांकडेच ठेवून त्याचा दाब त्यांच्यावर आणण्याचा तो डाव होता. पुढे १७८२ च्या सालबाईच्या तहात पेशव्यांच्या मुलखात पोर्तुगीजांच्या जुन्या जागा वगळता इतर युरोपीयांना वखारी घालू द्यायच्या नाहीत असे कबूल करावे लागले, म्हणजे इंग्रजांच्या भयाला नानांनीही एक वाट करून दिलीच. पण त्याच तहात १७८० मध्ये गॉडर्डने घेतलेली वसई परत आली. वखार नाकारणे ही एक देवघेव होती. कोणाशी बोलायचे, कोणाशी लढायचे, कोणाला क्षमा करायची हा निर्णय पुण्याकडेच राहिला. १३ मार्च १८०० रोजी नाना गेले आणि पुढच्या पावणेतीन वर्षांत तो निर्णय पुण्याकडे उरला नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. बाजीरावापुढे दुसरा मार्गच काय होता? यशवंतराव होळकरांनी २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरजवळ शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेचा मोड केला. पेशवा पुणे सोडून सिंहगड, रायगड, महाड असा पळत सुवर्णदुर्गाकडे आला आणि शेवटी इंग्रजांच्या जहाजाने डिसेंबरच्या मध्याला वसईला उतरला. गादी, जीव, राजधानी सगळे पणाला लागलेला माणूस आश्रय घेईल नाही तर काय करील? कौटिल्यही त्याला संश्रयच सांगेल. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. आश्रय घेणे हा दोष नव्हे. पण कौटिल्याच्या विचारात संश्रय ही पडत्या काळातली सोय आहे, बळ जमेपर्यंतची. कायमची फौज, कायमचा तोडलेला मुलूख आणि कंपनीला विचारल्याशिवाय इतर सत्तांशी बोलणे न लावण्याची कायमची अट, यांत ती सोय संपते आणि तिथून पुढे बळ जमण्याची शक्यताच उरत नाही. दुसरी बाजू अधिक कडू आहे. होळकर वैरी कसा झाला? एप्रिल १८०१ मध्ये बाजीरावाने विठोजी होळकराला पुण्यात हत्तीच्या पायी दिले. शत्रू ठरवण्याचा हक्क बाजीरावाकडे होता तेव्हा त्याने तो सूडासाठी वापरला. म्हणून कोणी मला विचारील की असा हक्क असून तरी काय उपयोग? विचारणे रास्त आहे. माझे उत्तर असे की हा हक्क विवेकाशिवाय टिकत नाही. बिभीषणही भावाला सोडून परक्याच्या छावणीत गेला होता. परंतु रावणाचा अन्याय त्याने स्वतः तोलला होता, भर सभेत तोंडावर सांगितला होता, आणि मगच तो उठला. रामाने त्याला नवा शत्रू दिला नाही. बाजीरावाने आधी आपल्या माणसाला तोलल्याविना शत्रू केले, आणि मग दुसऱ्याच्या शत्रूला तोलल्याविना आपला म्हटले. या दोन चुका वेगळ्या दिसतात, मला त्या एकाच खोडीच्या वाटतात.

दुसरा आक्षेप इतिहासकारांचा असतो: फ्रेंचांचे भय इंग्रजांनी बनवलेले नव्हते, ते खरे होते. नेपोलियन १७९८ मध्ये इजिप्तमध्ये उतरला होता. टिपूने मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नराकडे वकील पाठवले होते. हैदराबादेत रेमंडने उभी केलेली हजारोंची कवायती फौज १७९८ मध्ये मोडावी लागली. उत्तरेत शिंद्यांची पलटणे पेराँ नावाच्या फ्रेंचाच्या हाताखाली होती. हे सगळे खरे आहे आणि वेलस्लीला भय वाटत होते हेही खरे. पण ते कोणाचे भय होते? १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात काय झाले ते पाहावे. सप्टेंबरच्या सुरुवातीला अलीगड पडताच पेराँने इंग्रजांकडे वाट मागितली आणि तो आपली संपत्ती घेऊन निघून गेला. ज्याच्या नावाने कलकत्त्यात खलबते झाली तो माणूस पहिल्या पंधरवड्यातच इंग्रजांच्या आश्रयाला गेला. २३ सप्टेंबरला असईच्या मैदानावर शिंद्यांची कवायती पलटणे ज्याने उभी केली तो पोलमान फ्रेंच नव्हताच. तो हॅनोव्हरचा जर्मन होता, आणि हॅनोव्हरचा शासक म्हणजे खुद्द इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज. नोव्हेंबरात लासवारीला पलटणांवर फ्रेंच अधिकारी जवळपास उरलेच नव्हते, आणि तिथले हिंदुस्थानी शिपाई इतके चिवट लढले की जनरल लेकने स्वतः त्यांची वाखाणणी केली. फ्रेंच सेनापती दकाँ जुलै १८०३ मध्ये पाँडिचेरीपुढे आला, तिथे इंग्रजांचाच झेंडा पाहून मॉरिशसकडे निघून गेला. भय इंग्रजांचे होते, त्याची किंमत असई, अडगाव आणि गाविलगड इथल्या मराठी माणसांनी दिली. आणि कोणी म्हणेल की फ्रेंच जिंकले असते तर काय वेगळे झाले असते, तर त्याला मी म्हणेन की काहीच नाही. तैनाती फौजेची युक्तीच मुळात डुप्ले आणि बुसी यांनी निजामाच्या दरबारी रुजवली, वेलस्लीने ती पुरती केली. दोघांतला चांगला कोण हा प्रश्न विचारण्याचीच सवय या गुलामीतून लागली आहे. याच दोन राष्ट्रांनी फेब्रुवारी १७६३ मध्ये पॅरिसला तह करून कॅनडाचा आणि मिसिसिपीच्या पूर्वेचा प्रदेश एका हातातून दुसऱ्या हातात दिला. त्या अरण्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळ राष्ट्रांना कोणी विचारलेही नाही, आणि त्यांतली काही आदल्या युद्धात फ्रेंचांच्या, काही इंग्रजांच्या बाजूने लढून मेली होती.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, कारण तो आतून येतो. पेशव्यांचा हक्क गेला, त्याचे आम्ही काय करावे, असे विचारणारे लोक महाराष्ट्रात होते आणि आहेत. जोतीराव फुल्यांनी पेशवाई बुडाल्याचे दुःख केले नाही. शूद्रातिशूद्रांना ज्या राज्यात अक्षराचा हक्क नव्हता त्या राज्याला स्वराज्य का म्हणावे, हा त्यांचा सवाल होता. पालघरच्या डोंगरपट्टीत तर तो आणखी धारदार होतो. डहाणू, तलासरी, जव्हार इथल्या वारल्यांना पोर्तुगीज काय, पेशवे काय, इंग्रज काय. जंगल हातातून गेले, जमीन सावकाराकडे गेली, वेठ उरली. मी हा आक्षेप टाळत नाही, उलट माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा मला इथेच सापडतो. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या साथीने वारली झरीला जमले आणि वेठबिगार करणार नाही असे ठरले. तोवर वारल्याने कोणाला भ्यायचे हे जमीनदार सांगत होता: सावकाराला, पोलिसाला, जंगलच्या शिपायाला. आता वारल्याने स्वतः बोट ठेवले की अन्याय इथे आहे. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जे झाले त्यात हीच गोष्ट उलट्या बाजूने दिसते. वारल्यांना खोटा निरोप देऊन तिथे गोळा केले गेले, आणि सरकारला सांगितले गेले की हे हल्ला करायला जमलेत. पोलिसांनी गोळी चालवली, पाच वारली मारले गेले. म्हणजे जमीनदाराचे भय सरकारच्या बंदुकीत भरले गेले. वसईच्या कलमाने जे एका राज्याचे केले तेच तलवाड्याला एका जमावाचे झाले, आकार तेवढा लहान. गोदावरीबाईंनी पुढे या लढ्यावर लिहिलेल्या पुस्तकाचे नाव ‘जेव्हा माणूस जागा होतो’ असे आहे. तेव्हा शत्रू ठरवण्याचा हक्क ही राजेरजवाड्यांची चैन नाही. ज्याच्याकडे तो कधीच नव्हता त्याला त्याची गरज सर्वांत जास्त असते, आणि पेशव्यांनी तो गमावला यापेक्षा त्यांनी तो खाली कधी पोचू दिला नाही हा दोष मोठा आहे, हे मला मान्य आहे.

वसईचे कलम १८१८ ला पेशवाईबरोबर संपले असे समजू नये. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान जर्मनीशी युद्धात असल्याचे जाहीर केले, आणि त्याआधी निवडून आलेल्या एकाही हिंदी माणसाला विचारले नाही. हिटलर वाईट होता की नाही, हा तिथे प्रश्नच नव्हता. काँग्रेसमधल्या अनेकांना तो इंग्रजांच्या आधीपासून वाईट दिसत होता. प्रश्न होता तो वाईट आहे हे आम्ही म्हणायचे की आमच्या वतीने दुसऱ्याने. १९४२ मध्ये जपान ब्रह्मदेशात आल्यावर पुन्हा सांगितले गेले की शत्रू दाराशी आहे, आता हक्काची भाषा नको. ८ ऑगस्ट १९४२ च्या मुंबईच्या ठरावाकडे या नजरेने पाहिले तर तो जपानला वाट मोकळी करून देणारा ठराव नाही. स्वतंत्र हिंदुस्थान आक्रमणाचा प्रतिकार करील असे त्यात आहेच. शत्रू तोच, पण नाव आम्ही घेऊ, एवढेच तो म्हणतो. त्यानंतर सहाच दिवसांनी, १४ ऑगस्टला, पालघरच्या कचेरीवर आसपासच्या गावांतून मोर्चा आला. गोळीबार झाला आणि पाच जण धारातीर्थी पडले. दर १४ ऑगस्टला पालघरमध्ये त्यांच्या स्तंभाशी लोक जमतात, हार वाहतात. किनाऱ्यावरच्या या माणसांपैकी कोणी वसईचा तह वाचला असेल असे नाही, पण तो फाडण्याचे काम त्यांनी केले असे मला वाटते.

आता कोणी म्हणेल की आजच्या जगात कोण कोणाच्या आधाराशिवाय उभा आहे? तेही तारापूरच्याच वेशीवर तपासता येते. तिथली अणुवीज १९६९ मध्ये सुरू झाली. पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेने बांधल्या, आणि १९६३ च्या कराराने त्यांचे इंधन अमेरिकेतूनच यायचे होते. हा आश्रयच होता, आणि तो घेण्यात गैर नव्हते. १९७४ मध्ये भारताने पोखरणला चाचणी केली. मग १९७८ मध्ये अमेरिकेने आपला नवा कायदा केला, आणि तारापूरच्या इंधनाचा ओघ आटला. आश्रयदात्याचे भय पुन्हा एकदा आश्रिताच्या दारात येऊन बसले होते: अण्वस्त्रे कोणाच्या हाती जाऊ नयेत हे त्याने ठरवलेले, पाळायचे इतरांनी. मार्ग निघाला तो १९८२ मध्ये, आणि इंधन द्यायला कोण तयार झाले तर फ्रान्स. ज्या फ्रेंचांना राज्यात थारा देऊ नये म्हणून या जिल्ह्यात १८०२ मध्ये सही झाली होती, त्यांच्याच युरेनियमवर १८० वर्षांनी याच जिल्ह्यातल्या भट्ट्या चालल्या. त्यानंतर इंधन चीनकडूनही आले, रशियाकडूनही आले. यात मला अभिमानाची एकच गोष्ट दिसते. अवलंबून राहूनही भारताने आपली चाचणी चूक होती असे लिहून दिले नाही, आणि कोणाशी बोलू नये याची यादी कोणाकडून घेतली नाही. आसरा घेणे आणि भय उसने घेणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, हे तारापूरने दाखवले. याच मापाने आपल्या सरकारलाही मोजावे लागेल. तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. राष्ट्राला काय धोका आहे आणि त्यासाठी कोणी उठायचे, हे ठरताना त्या गावांचे म्हणणे किती ऐकले गेले, हा प्रश्न वसईच्या प्रश्नाचाच सख्खा भाऊ आहे.

बाजीरावाची गोष्ट १८१८ ला संपत नाही. राज्य गेल्यावर तो गंगेकाठी ब्रह्मावर्ताला राहिला, वर्षाला आठ लाखांचे पेन्शन, स्नानसंध्या, दानधर्म, असे १८५१ पर्यंत. तोवर फ्रेंचांचे भय इंग्रजांच्या मनातून गेले होते, त्याची जागा रशियाने घेतली होती, आणि त्या भयापायी कंपनीने अफगाणिस्तानात फौजा घातल्या. त्या युद्धात कंपनीचा खजिना रिकामा झाला तेव्हा ब्रह्मावर्ताच्या या म्हाताऱ्या पेन्शनराने तिला पाच लाख रुपये कर्ज दिले. पुढे पंजाबात लढाई आली तेव्हा आपल्या खर्चाने हजार स्वार आणि हजार पायदळ उभे करून देतो, असेही त्याने कळवले. त्याच्याकडे तेव्हा राखायला कुठलाच मुलूख नव्हता, आणि रशियाने त्याचे काही बिघडवलेले नव्हते.